टॉमच्या बाजूची बोलणी

एप्रिल लागला की सिडनीच्या दक्षिणेला, इथे गुंगालिनमध्ये, सकाळी गवतावर पांढरं दंव पडतं, आणि दुकानाच्या दारात नव्या सफरचंदांच्या पेट्या येऊन बसतात. आपल्याकडे या दिवसांत कडुनिंबाला कोवळी पालवी फुटलेली असते. इथे झाडं पानं टाकायला लागतात. हे उलटं वर्ष माझ्या अंगाला अजून बसलेलं नाही. सुनंदा, माझी मुलगी, गाडीची किल्ली हातात खेळवत म्हणते, "अण्णा, घ्या ना हवी तेवढी. दारात काय उभे राहता?" मी उभा राहतो तो वासासाठी. थंड, किंचित आंबट, ओल्या गवतासारखा वास असतो तो. नाकात गेला की माझी मान खाली जाते. लोकांना वाटतं, म्हातारा पेटीत वाकून फळ निवडतोय.

मी चौथीपर्यंत शिकलेला, सातारकडचा माणूस. सव्वीस वर्षं पलटणीत काढली. मान कुणापुढे झुकवली नाही, असं गावात मीच सगळ्यांना सांगत आलो. ती मान एका फळाच्या वासाने खाली जाते, याची लाज वाटते. लाजेचं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते टास्मानियातलं आहे.

इथे येण्याआधी सुनंदा तिकडे होती. एका लहानशा गावातल्या लहानशा दवाखान्यात डॉक्टर. जावई कामानिमित्त सिडनीत. तिची आई आदल्या वर्षी गेली, म्हणून तिने मला बोलावून घेतलं. ती सकाळी सातला शिफ्टला जायची ती संध्याकाळी सहाला यायची. टीव्हीवरची माणसं काय बोलतात कळायचं नाही. मी आपला परसातल्या तारेच्या कुंपणाशी उभा. पलीकडे टेकडीभर सफरचंदांची बाग आणि तीत काम करणारी चमत्कारिक माणसं. ट्रॅक्टर नाही, घोड्याची गाडी. बायकांच्या डोक्याला पांढऱ्या टोप्या. पुरुषांच्या दाढ्या छातीपर्यंत, आणि मिशी मात्र एकालाही नाही. वरचा ओठ गुळगुळीत.

आपल्याकडे बाप गेला की मिशी उतरवतात. मी मोजलं, अकरा पुरुष, अकराही बिनमिशीचे. म्हटलं, काय मोठं संकट कोसळलं असेल या लोकांवर! शेजारधर्म म्हणून कुंपण ओलांडलं, टोपी काढली, त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापुढे हात जोडले आणि पलटणीतलं इंग्रजी काढलं, "सर, व्हेरी सॉरी. हू डेड?"

म्हाताऱ्याने बराच वेळ विचार केला. मग गंभीरपणे म्हणाला, "आमचा प्रभू. पण तो परत उठला."

मागे शिडीवर एक उंच माणूस होता. तो इतका हसला की त्याच्या गळ्यातल्या पिशवीतली सफरचंदं गडगडत खाली आली. तोच टॉम. म्हाताऱ्याचं नाव याकोब.

संध्याकाळी सुनंदाने समजावलं. अमेरिकेत आमिश म्हणून लोक आहेत, हे त्यांच्यासारखे. पिढीभरापूर्वी इकडे आले. हत्यार हातात घेत नाहीत. त्यांच्या जुन्या मुलखात मिशी हे शिपायाचं लक्षण, म्हणून यांनी मिशी सोडली. कोटाला गुंड्या लावत नाहीत, कारण गुंड्या वर्दीच्या. त्याऐवजी तारेच्या आकड्यांवर, म्हणजे हुकांवर, भागवतात. मी स्वतःकडे पाहिलं. मिशीला पीळ, अंगात पलटणीचा ब्लेझर, त्याला पितळी गुंड्या, रोज घासलेल्या. त्या लोकांनी जे जे टाकलं, ते सगळं मी अंगावर घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो होतो.

"म्हणजे लढत नाहीत? पुळचट लेकाचे," मी म्हणालो.

"अण्णा, हळू. माझे पेशंट आहेत ते," सुनंदा म्हणाली. "आणि सगळेच तसे नाहीत. तो टॉम आहे ना, तो सोल्जर होता. व्हिएतनाममध्ये."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. का आलास म्हणून कुणी विचारलं नाही. एकाने गळ्यात पिशवी अडकवली, आणि माझा हंगाम सुरू झाला.

सफरचंद ओढायचं नसतं. तळव्यात धरून वर उचलायचं, हलकेच पिळायचं, की देठासकट हातात येतं. ओढलं तर त्याच्याबरोबर पुढच्या वर्षीची कळी तुटते. हे मला टॉमने शिकवलं. सकाळी फळं इतकी गार असायची की बोटं बधिर व्हायची, आणि दुपारी तीच फळं उन्हाने कोमट. गळून पडलेलं फळ मी पुसून पिशवीत टाकलं, तर टॉमने ते काढून बाजूला ठेवलं. म्हणाला, आज काही दिसत नाही, मेट, पण मार आठवड्याने वर येतो. त्या देशात 'मेट' हा शब्द मित्राला चालतो, अनोळखी माणसाला चालतो आणि भांडणातही चालतो. माझं शिवराम हे नाव त्याला लांब वाटायचं. तो मला शिव म्हणायचा.

दुपारी झाडाखाली जेवण. त्यांचा पाव, थंड मटण, सफरचंदाचा घट्ट मुरंबा. माझ्या डब्यात चपाती आणि लसणाची चटणी. याकोबची मुलगी रूथ हिने एकदा चटणी चाखली. चाळिशीची विधवा बाई, नवरा झाडाखाली सापडून गेलेला. डोळ्यांतून पाणी आलं, तांब्याभर पाणी प्यायली, आणि पुन्हा हात पुढे केला. टॉम म्हणाला, "रूथ, तो तुला मारायला आलाय." ती म्हणाली, "मग तू आधी चाखून बघायचं होतंस." बस्स, एवढंच बोलणं. पण मी लग्न केलेला माणूस आहे. मला कळलं.

त्यांच्यात प्रेम दाखवत नाहीत. मंडळीत, म्हणजे त्यांच्या प्रार्थनासभेत, लग्न जाहीर होईपर्यंत नाव घ्यायचं नाही, हा त्यांचा रिवाज. पण रूथ रोज ओसरीवर बसून सफरचंदाच्या चकत्या कापायची, दोऱ्यात ओवून वाळत घालायची. तिच्या सुरीला टॉम रोज पहाटे धार लावायचा आणि सुरी खिडकीत ठेवून कामावर जायचा. मूठ तिच्या बाजूला, पातं आपल्या बाजूला. मी बायकोला लुगडी आणली, कॅन्टीनमधून सेंटची बाटली आणली. अशी सुरी कधी ठेवली नाही.

टॉमची हकिगत त्याने तुकड्यातुकड्याने सांगितली. सरकारने चिठ्ठ्या टाकून पोरं उचलली, त्यात हा विसाव्या वर्षी गेला. परत आला तो कुठल्या घरात टिकला नाही. मेंढ्या भादरल्या, ट्रक चालवले, दारू प्यायला. दोन वर्षांपूर्वी इथे पवनचक्की दुरुस्त करायला आला आणि राहिला. याकोबने घोड्यांच्या पागेवर खोली दिली. आता त्याला बाप्तिस्मा घ्यायचा होता. त्याशिवाय रूथशी लग्न नाही. आणि बाप्तिस्म्याआधी मंडळीसमोर गुडघे टेकून आयुष्यातलं सगळं सांगायचं. तिथे त्याची गाडी अडली होती.

आता माझं सांगतो.

माझ्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत डाग आहे. गावात सगळ्यांना माहीत आहे की तो पासष्टच्या लढाईतला आहे. गोळ्याची कपची लागली. मग नुसत्या कपचीने भागेना, तेव्हा त्यात संगीन आली. संगिनीने मी दोघांना लोळवलं. शाळेत झेंडावंदनाला मला बोलवायचे, मी काठी संगिनीसारखी धरून दाखवायचो. सुनंदाने पाचवीत त्यावर निबंध लिहिला होता, तिच्या आईने तो पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवला.

मी पलटणीत लांगरी होतो. लांगरी म्हणजे स्वयंपाकी. पासष्ट साली आघाडीपासून बऱ्याच मागे, एका बंद पडलेल्या वीटभट्टीत आमची चूल होती. घाईत डाळीचा हंडा कलंडला आणि उकळती डाळ हातावर आली. गोळी मी ऐकली, पाहिली नाही. स्वयंपाक करणं हलकं काम आहे असं मी आज म्हणणार नाही. पण तेव्हा रजेवर गावी गेलो, पारावर लोक गोळा झाले, "काय झालं हाताला?" म्हणून विचारलं, आणि तोंडातून डाळ हा शब्द निघाला नाही.

टॉमने बाह्या वर केलेला माझा हात पाहिला आणि विचारलं, "लढाई?"

म्हणालो, "लढाई. संगीन." दोन बोटं दाखवली. "दोन."

तो तिथेच पेटीवर बसला. मग हळूहळू बोलायला लागला. मला सगळे शब्द कळले नाहीत, पण गोष्ट कळली. भाताचं खाचर. एक म्हातारा बांधावरून येतोय, काखेत काहीतरी गुंडाळलेलं. टॉमने ओरडून थांब म्हटलं. म्हातारा थांबला नाही. टॉमने गोळी घातली. मग जाऊन गुंडाळी सोडली.

"रोपं होती," तो म्हणाला. "भाताची रोपं, शिव. ओल्या फडक्यात बांधलेली."

मी रोपं लावत वाढलेला माणूस. काखेत रोपांची मूठ घेऊन माझा बाप बांधावरून असाच यायचा. आणि समोर एवढा उंच माणूस गुडघ्यात तोंड घालून रडत होता. मी काय केलं? त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "शाबास."

दुसरं काही सुचलं नाही असं नाही. सुचलंच होतं. पण दोघांना लोळवणारा गडी दुसरं काय म्हणणार? माझ्या खोट्याने माझ्या तोंडात तो शब्द घातला.

टॉम म्हणाला, हे रूथला माहीत नाही, याकोबला नाही. मलाच सांगायचंय, फक्त दम गोळा होऊ दे. मी आपल्या पद्धतीने गळ्याला चिमूट लावून शपथ घेतली. तिचा अर्थ त्याला कळला.

हे मी आता गुंगालिनच्या खोलीत बसून लिहितोय. खिडकीबाहेर नवी घरं उठताहेत, नुसते लाकडी सांगाडे. कामगार एकमेकांना हाका मारतात, हसतात. मला वाटतं, त्या दिवशी मी नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

हंगाम संपत आला. वरच्या रांगा उतरल्या. टॉमचं काही पुढे सरकेना. मला राहवेना. त्याला ना बाप, ना भाऊ. आपल्याकडे अशा वेळी मुलाच्या बाजूने वडीलधारा माणूस जातो, शब्द टाकतो. म्हटलं, हे आपलं काम. एका रविवारी फेटा बांधला, ब्लेझर चढवला, सुनंदाच्या स्वयंपाकघरातून साखरेचा पुडा घेतला आणि याकोबच्या घरी गेलो. लांब मेजाभोवती वीसेक माणसं जेवत होती. एका टोकाला टॉम, बायकांच्या बाजूला रूथ. मी पुडा याकोबसमोर ठेवला आणि उभ्यानेच बोलणीला सुरुवात केली.

म्हणालो, टॉम गुड मॅन, रूथ गुड वूमन, मॅरेज गुड. जे नाव जाहीर होईपर्यंत घ्यायचं नाही, ते वीस माणसांत घेतलं. सगळे गप्प. आपल्याकडे मुलीकडचे गप्प बसले, की समजायचं त्यांना अजून ऐकायचंय. मी मुलाचं वजन वाढवलं. ताकद सांगितली, दारू सुटली हे सांगितलं. तरी गप्प. मग मी शेवटचं काढलं. म्हणालो, व्हेरी ब्रेव्ह. वॉर. राइस फील्ड, ओल्ड मॅन, वन बुलेट, फिनिश. हाताने बंदूक करून दाखवली. आणि छातीवर हात मारून, दोन बोटं दाखवून म्हणालो, "लाइक मी."

रूथने डोळे मिटून घेतले. टॉम उठला. खुर्ची नीट मेजाखाली सरकवली, कुणाची झोपमोड होऊ नये तशी, आणि बाहेर गेला.

याकोब एवढंच म्हणाला, "बस, शिवराम. जेवून जा."

माझ्या गावात मला जोड्याने मारलं असतं. इथे कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. एका बाईने माझ्या पुढ्यात ताट ठेवलं.

घरी सुनंदाने कपाळाला हात लावला. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"त्याला आहे कोण बोलायला?"

"तो स्वतः आहे ना, अण्णा! Oh God. त्याला स्वतःला सांगायचं होतं. ते तेवढंच तर त्याचं होतं!"

"चांगलंच सांगितलं मी. शूर म्हणालो," मी हटून बसलो. ती दार लावून आत गेली.

टॉम निघून गेला. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आठ दिवस मी रोज बागेत जात राहिलो. माफी मागायला गेलो असं नाही, हट्टाने गेलो. मी तोंड लपवतोय असं कुणी म्हणायला नको. रूथच्या खिडकीत सुरी बोथट पडली होती, चकत्या जाड आणि फाटक्या निघत होत्या. मी धार लावायला सुरी उचलली, तर तिने माझ्या हातातून काढून घेतली. रागाने नाही.

तिने विचारलं, "त्याने तुला सांगितलं, तेव्हा तू काय म्हणालास?"

"शाबास."

"म्हणजे काय?"

"वेल डन."

तिने सुरी एप्रनला पुसली. मग म्हणाली, "आणि तुझी ती दोन माणसं? ती तुला कधी दिसतात?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी केला नव्हता. लोक विचारायचे संगीन कशी मारली. ती दोघं कशी दिसत होती, हे पारावर कुणी विचारलं नाही, शाळेत नाही, बायकोनेही नाही. माझ्या त्या दोघांना तोंडच नव्हतं. मी म्हणालो, "नो मेन. आय कुक. दिस, दाल." हंडा कलंडल्याचं हातवाऱ्यांनी दाखवलं.

तिला समजायला वेळ लागला. समजल्यावर ती म्हणाली, "टॉमला वाटत असेल, तू तेच ओझं वाहतोस आणि तुला काही होत नाही. त्याला वाटत असेल, आपणच कमकुवत. हे तुला त्याला सांगावं लागेल."

नवव्या दिवशी टॉम पायी परत आला. त्या रविवारी मंडळी लाकडी कोठारात जमली, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. मी शेवटच्या बाकावर. टॉमने गुडघे टेकले आणि स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. खाचर, म्हातारा, फडकं, रोपं. माझ्यापेक्षा फार हळू. याकोबने त्याला हात देऊन उठवलं आणि गालाला गाल लावला. पण रूथने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे धार लावलेली सुरी खिडकीत होती. ती तीन दिवस तशीच पडून राहिली. टॉम रोज येताजाता बघायचा. मीही बघायचो, आणि मला भाकर गोड लागायची नाही. चौथ्या दिवशी सुरी तिथे नव्हती, आणि ओसरीवर पातळ, गोल चकत्या वाळत होत्या.

मला टॉमशी बोलायला आणखी चार दिवस लागले. त्याने मला एक शब्द विचारला नव्हता, उलट शिडी धरायला बोलावलं होतं, आणि तेच मला जास्त लागत होतं. शेवटच्या रांगेत मी त्याला खाली बोलावलं.

"टॉम. आय नो किल. आय कुक."

त्याने माझा हात धरून डाग पाहिला. "मग हे काय?"

"दाल. हॉट दाल."

"डाल?" तो म्हणाला. मी मार खायची तयारी करून उभा होतो. पंचवीस वर्षांनी त्याला एक सोबती मिळाला होता आणि तो खोटा निघाला होता. मग त्याच्या दाढीत काहीतरी हललं. "म्हणजे ते दोघं," तो म्हणाला, "अजून कुठेतरी चालत-फिरत असतील. गुड ऑन यू, मेट." म्हणजे त्यांच्याकडचं शाबास. आणि तो खोकला लागेपर्यंत हसला. मला हसता आलं नाही. खोटं पकडलं गेलं याची लाज असतेच. पण आपलं ते खोटं होतं हे ऐकून कुणाला बरं वाटावं, ही लाज वेगळीच.

शेवटची गाडी भरली, टॉमचा बाप्तिस्मा झाला आणि पुढच्याच आठवड्यात लग्न लागलं. सुनंदाने दवाखान्यातून रजा घेतली, रेशमी साडी नेसली. बाजा नाही, अक्षता नाहीत, हार नाहीत. लांबवलेल्या सुरात सगळ्यांनी गाणं म्हटलं, याकोबने दोघांचे हात एकमेकांत दिले. रूथच्या बोटाला सुरीचा बारीक काप होता. जेवणाच्या वेळी टॉम मला आणि सुनंदाला ओढत लांबून आलेल्या पाहुण्यांकडे घेऊन गेला. आकड्यांचा नवा कोट, गुळगुळीत ओठ, आणि चेहऱ्यावर अशी ऐट, जणू मीच त्याच्या घरातलं मोठं माणूस.

"हा शिव," तो म्हणाला. "आर्मीचा कुक. शंभर माणसांना रोज जेवू घालायचा, आणि याने कधी कुणाला इजा केली नाही."

पाहुणे पुढे झाले, माझा हात हातात घेऊन दाबू लागले. उभ्या जन्मात माझं एवढं खरं कौतुक कुणी केलं नव्हतं.

सुनंदा वळली. "अण्णा? कुक?"

मी तिच्याकडे न बघता मराठीत म्हणालो, "त्याची काहीतरी गफलत झालीय. माझं इंग्रजी त्याला कळत नाही."

"असं होय," ती म्हणाली आणि हसली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. टॉमला मराठी येत नव्हतं. तो माझ्या खांद्यावर हात टाकून तसाच उभा होता.

एका परक्या माणसाला मोडक्या भाषेत जे सांगता आलं, ते पोटच्या पोरीला तिच्या भाषेत सांगता आलं नाही. त्याला आता तीन हंगाम झाले.

सुनंदे, टॉमची गफलत झाली नव्हती. तुझा बाप लांगरी होता. तुझ्या निबंधातला एक शब्दही खरा नव्हता. पासष्टच्या लढाईत मी त्या वीटभट्टीत शंभर माणसांची डाळ शिजवत होतो. आणि डाळ चांगली व्हायची.